काजूचा हंगाम : बागेपासून बाजारापर्यंत

गोव्याच्या डोंगरउतारांवर काजूचे झाड आज इतके रुळले आहे की ते मूळचे येथील नव्हे याचा सहसा विसर पडतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलमधून येथे आणले. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण, पेडणे या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबांची वर्षाची रोकड याच झाडावर अवलंबून असते. शिगम्याच्या सुमारास हाती येऊ लागलेला हा पैसा मुलांच्या शाळेचा खर्च आणि पावसाळ्याची बेगमी भागवून चतुर्थीपर्यंत पुरवावा लागतो. असे असूनही 'झाड आपोआप वाढते, बी आपोआप पडते' अशीच या पिकाविषयीची समजूत अद्याप रूढ आहे. त्यामुळे होणारे नुकसान बागेत फारसे दिसत नाही. ते दिसते विक्रीच्या दिवशी, तराजूपाशी.

काजूचे वर्ष फेब्रुवारीत नव्हे, तर पावसाच्या तोंडावर सुरू होते. नवी लागवड करावयाची असल्यास दोन फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावेत आणि जून-जुलैमध्ये कलमे लावावीत. बियांपासून वाढविलेली रोपे आईच्या गुणाची निघतीलच याचा भरवसा नसल्याने कलमेच लावणे इष्ट होय. वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राच्या 'वेंगुर्ला-4' व 'वेंगुर्ला-7' या जाती गोव्याच्या हवामानास मानवल्या आहेत. केपे तालुक्यातील बाळ्ळी येथील झाडापासून निवडलेली 'गोवा-1' ही तर येथीलच जात. 'वेंगुर्ला-7' ची बी सुमारे 10 ग्रॅम वजनाची, म्हणजे किलोत शंभराच्या आसपास बसते. बी जितकी ठसठशीत तितका गर मोठा आणि फोडणाराचे श्रम कमी, म्हणून व्यापारीही तिला प्रथम हात घालतो. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी, सांध्याखाली फुटणारे कोंब काढून टाकावेत आणि पहिली दोन-तीन वर्षे येणारा मोहोर खुडावा. मोहोर खुडण्यास हात धजावत नाही हे खरे. परंतु तो न खुडल्यास झाडाचा बांधा कायमचा खुरटतो.

पूर्ण वाढलेल्या झाडास वर्षाकाठी 500 ग्रॅम नत्र आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी 125 ग्रॅम मिळावे, अशी शिफारस आहे. नत्राची ही मात्रा सुमारे 1.1 किलो युरियातून मिळते. खत दोन हप्त्यांत, पावसाच्या आरंभी व पाऊस ओसरल्यावर, बुंध्यापासून दूर गोल चरात द्यावे.

नोव्हेंबरपासून नवी पालवी व त्यामागोमाग मोहोर येतो, आणि त्याच वेळी ढेकण्या हा कीटक बागेत शिरतो. तो कोवळ्या भागातील रस शोषतो. कोंब काळे पडतात, मोहोर करपल्यासारखा दिसतो. पुष्कळजण याचा दोष धुक्यावर ढकलतात. पालवी, मोहोर व फळधारणा या तिन्ही अवस्थांत बाग पाहावी आणि प्रादुर्भाव आढळताच विभागीय कृषी कार्यालयाच्या सल्ल्याने फवारणी करावी. याहून घातक असतो तो खोड पोखरणारा किडा, कारण तो पीक नव्हे, झाडच नेतो. बुंध्याशी भुसा दिसणे, डिंक गळणे व पाने पिवळी पडणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी साल तासून अळ्या बाहेर काढून माराव्यात.

जानेवारीअखेर झाडाखालील रान साफ करावे. पडलेली बी सहज सापडते आणि वणव्याचे भयही कमी होते. मात्र पालापाचोळा तेथेच पेटवू नये. दूर नेऊन त्याचे खत करावे.

फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत बोंडू पिकून आपोआप खाली पडतात. तेच वेचावेत. काठीने झोडपून पाडलेल्या बोंडूंबरोबर अपक्व बीही येते. शंका असल्यास बी पाण्यात टाकून पाहावी. भरलेली बी तळाशी जाते, पोचट बी तरंगते. बोंडू मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. त्याचा रस त्वरित काढावा लागतो. भाटी लावणाऱ्यास अबकारी खात्याचा परवाना हवा, हे सांगावयास नकोच.

आता वाळवणीविषयी थोडे विस्ताराने. वेचलेली बी त्याच संध्याकाळी विकली तर वजन भरते, वाळविली तर घटते, मग वाळवावी कशाला, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. समजा, 100 किलो बियांत 16 टक्के ओलावा आहे. तो 8 टक्क्यांवर आणल्यास सुमारे 91 किलो बी उरते. ओल्या बीस किलोला 100 रुपये मिळत असतील, तर वाळलेल्या बीस किमान 110 रुपये मिळाल्याशिवाय वाळविण्याचा खर्चही सुटत नाही. दरात तेवढा फरक नसेल तर लगेच विकण्यात शहाणपण आहे. पण 115 वा 120 रुपये दर अपेक्षित असेल, तर ओली बी विकणारा व्यापाऱ्यास कमाई सोडून देतो. बी पुढच्या दरासाठी ठेवावयाची असेल तर वाळवणे अपरिहार्यच, कारण ओली बी साठविली की बुरशी धरते, गर डागाळतो आणि दर कोसळतो.

बी सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरून, वारंवार परतून, दोन-तीन दिवस उन्हात द्यावी व रात्री झाकावी. एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी सर येते, म्हणून ताडपत्री हाताशी असावी. टरफलावर नखाचा व्रण उमटला नाही आणि मूठ हलविताच खडखड आवाज आला, की बी वाळली असे समजावे. थंड झाल्यावरच ती गोणपाटाच्या पोत्यांत भरावी. प्लास्टिकच्या पिशव्यांत ओल कोंडते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

विक्रीपूर्वी दोन-तीन ठिकाणचे दर विचारावेत. गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्थेसारख्या संस्था हंगामात आपला खरेदी दर जाहीर करतात. राज्य सरकारच्या आधारभूत दराचा लाभ घेणाऱ्याने विक्रीची पावती जपून ठेवावी व आवश्यक कागदपत्रांची चौकशी कृषी कार्यालयात हंगामापूर्वीच करावी. उन्हाळ्यात गावातील दुकानदाराकडून उचल घेऊन बी त्यालाच घालण्याचा प्रघात अनेक वाड्यांवर आहे. अशा व्यवहारात निदान वजन व दर यांची नोंद दोन्हीकडे असावी. ज्याच्या घरी कोरडी जागा नाही, त्याने दराच्या आशेने पोती जूनपलीकडे ठेवू नयेत. मृगाच्या पहिल्या सरीनंतर हवेतील दमटपणा वाळलेल्या बियांतही शिरतो.