पालकाच्या चकत्या, मोडाची मटकी आणि चुन्याची निवळी

झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, ही वाटणी अनेकांच्या डोक्यात शाळेपासून घट्ट बसलेली असते. रात्री झाडाखाली झोपू नये, या सल्ल्यानं ती आणखी पक्की होते. पण पेशीचं श्वसन कधीच थांबत नाही, भर दुपारच्या उन्हातही नाही. हे घरी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. त्यासाठी पालकाची जुडी, मूठभर मटकी, औषधाच्या दुकानातली एक सिरिंज आणि पानाच्या डब्यातला चुना एवढं पुरतं. खालची जवळजवळ सगळी कृती शनिवार-रविवारात बसते, फक्त शेवटचा निकाल सोमवारी सकाळी बघायचा.

शनिवारी सकाळी मटकी भिजत घाला आणि रात्री फडक्यात बांधून ठेवा. त्याच रात्री निवळीही करा, कारण तिला बसायला वेळ लागतो. एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा चुना कालवून बाटलीचं झाकण घट्ट लावा. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे तळाशी पांढरा साका राहणारच. सकाळी वरचं नितळ पाणी बाटली न हलवता दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या. हे काम मोठ्यांनीच करावं. चुना डोळ्यांत गेला तर चांगलीच इजा होते.

रविवारी ऊन वर आलं की पालक घ्या.

साहित्य: पालकाची ताजी, टवटवीत पानं (फ्रिजमध्ये मरगळलेली नकोत), सुई काढलेली १० मिलीची सिरिंज, खायचा सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, कागदाला भोक पाडायचं पंचिंग मशीन, काचेचे दोन पेले आणि पेला पूर्ण झाकेल असा स्टीलचा डबा. पालकच का? आंबा-वडासारखं जाड, चकचकीत पान पाण्याला सहज आत शिरू देत नाही. अळूच्या पानावर तर पाणी ठरतच नाही. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर चालणार नाही, सोडा खायचाच हवा.

१. ३०० मिली पाण्यात चमच्याचा आठवा भाग सोडा विरघळवा आणि लिक्विडचा एकच थेंब टाकून अलगद हलवा. फेस आला तर लिक्विड जास्त झालं, पुन्हा करा. सोड्यामुळे पानाला पाण्यातच कार्बन डायऑक्साइडचा साठा मिळतो. दुसऱ्या पेल्यासाठी लिक्विडचं तसंच पाणी करा, पण सोड्याशिवाय. हा दुसरा पेला वगळला तर प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

२. मधली जाड शीर टाळून पंचिंग मशीनने पानाच्या वीस चकत्या पाडा. दहा एका पेल्यासाठी, दहा दुसऱ्यासाठी.

३. खरी हातचलाखी इथे आहे. सिरिंजचा दट्ट्या काढून दहा चकत्या आत टाका आणि त्या चिरडणार नाहीत अशा बेतानं दट्ट्या परत बसवा. सोड्याचं पाच मिली पाणी ओढून घ्या. तोंड वर करून हवा बाहेर घालवा. आता तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे ओढा. चकत्यांच्या कडांमधून बारीक बुडबुडे फुटताना दिसतील. पानाच्या आतल्या मऊ, सच्छिद्र थरातली हवा बाहेर पडते ती ही. दहा सेकंद धरून ठेवा, सिरिंज हलवा आणि मग बोट काढा. हवेनं मोकळी केलेली जागा पाणी घेतं आणि चकत्या जड होतात. दोन-तीनदा असं केलं की त्या तळाला जातात. चार वेळा करूनही तरंगत राहिल्या तर हट्ट न करता नवं पान घ्या. जास्त जोर लावला की पेशी फुटतात, आणि फुटलेल्या पेशींकडून पुढे काही होत नाही. दुसऱ्या दहा चकत्यांनाही असंच करा, पण बिनसोड्याच्या पाण्यात.

४. बुडालेल्या चकत्या आपापल्या पेल्यात ओता, वर तीनेक सेंटीमीटर पाणी ठेवा आणि दोन्ही पेले उन्हात शेजारी-शेजारी मांडा. दर मिनिटाला वर आलेल्या चकत्या मोजून लिहा.

इथे घाई करू नका, बघत राहा. आधी कडांना टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत बुडबुडे चिकटतात. मग एखादी चकती एका कडेवर उभी राहते, डुलते आणि एकदम सुटून वर येते. सगळ्या एकदम येत नाहीत. चांगल्या उन्हात पाच ते पंधरा मिनिटांत निम्म्या तरी वर येतात. दिव्याच्या उजेडात जास्त वेळ लागतो. बिनसोड्याच्या पेल्यातल्या बहुतेक चकत्या तळालाच राहतात. आता दुसऱ्या पेल्याचं कारण. ऊन लागून पाणी तापलं की त्यात विरघळलेली साधी हवाही बुडबुडे होऊन सुटते. शेजारी दुसरा पेला नसेल तर हे बुडबुडे कशाचे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. ऊन फार कडक असेल तर दोन्ही पेले पाण्याच्या परातीत ठेवा.

चकती वर नेणारी हवा म्हणजे ऑक्सिजन. पानं पाण्यात बुडवून त्यांच्यावरचे बुडबुडे तपासण्याचं काम यान इंगेनहौझ या डच वैद्यानं इंग्लंडमध्ये केलं आणि १७७९ साली प्रसिद्ध केलं. ही हवा फक्त हिरव्या भागांतून आणि फक्त उजेडात निघते, हे त्यानं दाखवलं. पण हा ऑक्सिजन येतो कुठून? सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडमधून, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. १९४१ मध्ये सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजनची खूण लावून तपासलं. ऑक्सिजन पाण्यातून येतो, असं निघालं. हरितलवकातलं हरितद्रव्य प्रकाश शोषतं, त्या ऊर्जेनं पाण्याचे रेणू फुटतात, सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे धाडले जातात आणि त्यांच्या प्रवासातून एटीपी व एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून नेणारे रेणू तयार होतात. या दोघांच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडची साखर होते. ऑक्सिजन मात्र पेशीच्या दृष्टीनं उरलेला माल. तुमच्या चकत्यांना वर नेणारा हाच.

५. बहुतेक चकत्या वर आल्या की सोड्याच्या पेल्यावर डबा पालथा घाला. दर पाच मिनिटांनी झटकन बघा, पेला हलकेच फिरवा आणि पुन्हा झाका. चकत्या एकेक करून खाली बसू लागतात. अंधारात नवा ऑक्सिजन तयार होणं थांबलं, पण पेशींतल्या तंतुकणिका तो वापरतच आहेत. बुडबुडा आटतो, चकती बुडते. याला अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो. वर यायला लागलेल्या वेळाशी ताडून बघा. भर उन्हात पानाची ऑक्सिजनची कमाई त्याच्या खर्चापेक्षा बरीच जास्त असते, हे या दोन आकड्यांतच दिसतं.

६. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला तीच सगळ्यांत आवडते. दहा ताज्या चकत्या सोड्याच्या पाण्यात बुडवून पेला खिडकीपासून लांब, अंधूक कोपऱ्यात ठेवा. त्या वर येतच नाहीत, किंवा फार रेंगाळून येतात. प्रकाशसंश्लेषण बंद नाही, पण जेवढा ऑक्सिजन तयार होतो, जवळजवळ तेवढाच श्वसनात खर्च होतो. दुकानाच्या गल्ल्यात रात्री उरलेले पैसे दिसतात, दिवसभरात किती आले आणि किती गेले ते दिसत नाही. चकतीचंही तसंच, ती फक्त शिल्लक दाखवते. पेला एकेक वीत खिडकीकडे सरकवा आणि चकत्या कुठे वर येऊ लागतात ते बघा. घरातल्या कुंड्या कुठवर तगतील, याचाही अंदाज त्यातून येतो.

पालक झाला, आता मटकी. एव्हाना तिला मोड आले असतील. पुरचुंडीच्या मधोमध बोट घाला, कोमट लागेल. इथे हिरवं पान नाही, ऊन नाही. दाण्यात साठवलेल्या पिष्टाची साखर होते आणि पेशी ती टप्प्याटप्प्यानं तोडून एटीपी बनवतात. ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण ३० ते ३२ एटीपी हाती लागतात, म्हणजे साखरेतल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा. उरलेली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. बोटाला लागते ती हीच.

मोजून बघायचं असेल तर मोडाची मटकी थर्मासमध्ये भरा, दाण्यांच्या मध्ये थर्मामीटर खोचा आणि तोंडाला कापसाचा बोळा लावा. बूच नको, दाण्यांना हवा लागते. तापाचा थर्मामीटर इथे निरुपयोगी आहे. खोलीच्या तापमानाला तो बहुधा काहीच दाखवत नाही. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर आणा. दुसऱ्या थर्मासमध्ये उकडून पूर्ण गार केलेली मटकी ठेवा आणि एका दिवसात दोन्हींची तुलना करा. उकडलेली मटकी लवकर आंबते आणि जंतूंच्या श्वसनानं तीही तापू लागते. म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.

निवळीचं काम सोपं आहे. रुंद तोंडाच्या दोन बरण्या घ्या. एकीच्या तळाशी मोडाची मटकी पसरून त्यात निवळीची छोटी वाटी ठेवा, दुसरीत नुसती निवळीची वाटी. झाकणं घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी मटकीच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय आलेली असते आणि ढवळलं की ती दुधाळ होते. श्वसनातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट केला. रिकाम्या बरणीतही किंचित पापुद्रा दिसला तर चकित होऊ नका, साध्या हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच.

झाकण उघडताना वास घ्या. बंद बरणीत ऑक्सिजन कमी पडला की पेशी किण्वनाकडे वळतात. त्यात ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी मिळतात आणि अल्कोहोलचा आंबूस वास सुटतो. या मटकीची उसळ करायचा मोह टाळा, ती कुंडीतल्या मातीत मिसळा. उरलेली निवळी बाटली काठोकाठ भरून झाकण लावलं तर टिकते. मात्र बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.