गुणपत्रिकेबाहेरचा सन्मान : धार-देवासच्या शाळा आणि शिक्षक



एखाद्या जुन्या शाळेचा इतिहास लिहायचा म्हटलं, की आपण आधी काय शोधतो? पहिल्या आलेल्या मुलामुलींची यादी. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लाकडी फलक असतो, त्यावर साल आणि नाव. ही यादी खोटी नसते, पण अपुरी मात्र नक्की असते. ती किती अपुरी असते, हे माळव्यातल्या धार आणि देवास या दोन गावांच्या आधारे बघू या.

१. गावं दोन, दरबार तीन

अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेल्या पवारांची ही संस्थानं. धारला एक गादी. देवासला मात्र दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे! वाड्यात आणि मराठी घरांत मराठी, बाजारात माळवी, कचेरीत मराठी-हिंदी दोन्ही, आणि मोठ्या परीक्षेला इंग्रजी. इथल्या मराठी मुलाला शाळेची पायरी चढताना भाषाही बदलावी लागे. त्याला या भाषेतून त्या भाषेत हात धरून नेणारा माणूस म्हणजे त्याचे मास्तर.

२. परीक्षा परगावची

शाळा गावातली, पण मॅट्रिकचा कागद बाहेरून यायचा. १८८७ मध्ये अलाहाबाद विद्यापीठ निघालं आणि या भागातल्या शाळांचा संबंध तिकडे जुळला. पुढे १९२९ मध्ये राजपुताना, मध्य हिंदुस्थानातली संस्थानं आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी अजमेरला परीक्षा मंडळ आलं. पेपर काढणारा आणि तपासणारा, दोघंही मुलाला ओळखत नसत. मुलगा म्हणजे एक आसन क्रमांक.

मॅट्रिकनंतर कॉलेजसाठी जवळचं गाव इंदूर. तिथे कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ मध्ये सुरू केलेलं ख्रिश्चन कॉलेज होतं आणि १८९१ मध्ये सुरू झालेलं होळकर कॉलेज. देवासहून इंदूर ३५-४० किलोमीटर, धारहून ६०-६५. आज हे अंतर काहीच नाही. पण तेव्हा खोलीभाडं, खानावळ आणि फी यांचा हिशेब जमला नाही की शिक्षण तिथेच थांबे. म्हणून कित्येकांच्या आयुष्यात हायस्कूलचे मास्तर हेच शेवटचे मास्तर ठरले.

याच काळातल्या अमेरिकेतल्या हायस्कूलशी तुलना करून बघा. तिथे दरवर्षी 'इयरबुक' निघे. हुशार मुलांसाठी 'ऑनर रोल' होता, १९२१ पासून 'नॅशनल ऑनर सोसायटी'सुद्धा होती. पण इयरबुकमध्ये मागच्या बाकावरच्या मुलाचाही फोटो असे, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्याचाही. आपल्याकडे छापून यायचा तो निकाल. जो त्यात नाही, तो कागदावर नाहीच.

३. वाड्यातला शिक्षक, वर्गातला शिक्षक

थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांना शिकवायला १९०७ मध्ये माल्कम डार्लिंग हे इंग्रज अधिकारी आले. त्यांच्या ओळखीतून कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला आले, १९२१ मध्ये महाराजांचे सचिव झाले, आणि १९५३ मध्ये त्यांचं 'द हिल ऑफ देवी' प्रसिद्ध झालं. वाड्यातल्या शिक्षकाची नोंद अशी जागतिक साहित्यात गेली. त्याच गावात वर्गात फळ्यासमोर उभं राहणाऱ्याची नोंद कुठे आहे?

दोन्हींच्या मधे एक नाव उभं आहे, कवी भा. रा. तांबे. ते देवासच्या शाळेत शिकले. पैशाच्या अडचणीमुळे कॉलेज पुरं झालं नाही. पुढे देवासच्याच राजघराण्यात ते शिक्षक झाले. १९३५ मध्ये माधव जूलियन यांनी त्यांची समग्र कविता संपादित केली. पदवीच्या यादीत हे नाव सापडणार नाही. मराठी कवितेच्या यादीतून ते काढता येणार नाही.

४. १९४८ नंतर

१९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारत राज्यात विलीन झाल्या. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झालं. शाळेची भाषा हिंदी झाली आणि मराठी घरात राहिली. १९४८ मध्येच कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी देवासला आले. त्या आजारपणाच्या वर्षांत पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत शिकवून घर चालवलं. कुमारांना पुढे मोठमोठे सन्मान मिळाले. भानुमतीबाईंच्या शिक्षकीला कुठलं पदक मिळणार? पण ती नोकरी नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

धारला मूळ वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके स्थायिक झाले. त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थी शिकले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि शेजारच्या उज्जैनचं उदाहरण तर विसरूच नका. गजानन माधव मुक्तिबोध, मराठी घरातला मुलगा, १९३० मध्ये मिडलच्या परीक्षेत नापास झाला. तोच पुढे उज्जैन आणि शुजालपूरला शिक्षक झाला, १९४३ च्या 'तार सप्तक'मधला कवी झाला, आणि आधुनिक हिंदी कवितेतलं फार मोठं नाव ठरला. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषा, दोन कवी. नापासाचं नाव फलकावर कोण लिहितं?

५. मग सन्मान कशाला म्हणायचं?

पहिला नंबर हा सन्मान आहेच; तो कमी लेखू नये. पण तो एका दिवसाचा, एका भाषेतला हिशेब असतो. कुणाची फी कुणी भरली, कुणाची वही कुणी घरी नेऊन तपासली, हिंदी वर्गात मराठी पुस्तक हळूच कुणी हातात दिलं, हा दुसरा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडत नाही. तो फक्त माणसांच्या आठवणीत असतो. १९५० च्या सुमारास मॅट्रिक झालेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याबरोबर तो हिशेबही जाणार, आणि माळव्यातलं शाळेतलं मराठीही. हे काम पुढच्या वर्षीवर टाकण्यासारखं नाही.

अभ्यासासाठी

१. तुमच्या ओळखीतल्या ऐंशीच्या पुढच्या एका व्यक्तीला विचारा : शाळेतले कोणते शिक्षक आठवतात, आणि का? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भाषा 'सुधारू' नका.

२. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असेल तर विद्यार्थ्याचं काय हरवतं, आणि त्याला काय मिळतं? तांबे आणि मुक्तिबोध यांच्या आधारे दहा ओळी लिहा.

३. तुमच्या शाळेच्या फलकावर नसलेलं, पण असायला हवं होतं असं एक नाव सुचवा. कारण द्या.