मूत्रल औषधे आणि उतारवयातील हाडे

रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली किंवा हृदय दुबळे झाले म्हणजे डॉक्टर पुष्कळदा जे औषध लिहून देतात, त्याला घरोघरी ‘लघवीची गोळी’ म्हणतात. शास्त्रीय भाषेत ही मूत्रल औषधे होत. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोळ्या वस्तुतः निरनिराळ्या कुळांतल्या असतात. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. कारण त्यांतील एक कूळ शरीरातील कॅल्शियम राखते, तर दुसरे ते लघवीवाटे घालवते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत साठलेले असते. रक्तातील कॅल्शियम किंचित जरी घटले, तरी मानेतील परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांच्या या कोठारातून उचल करून तूट भरून काढतात. हाड हे निर्जीव नव्हे. ते सतत मोडले जात असते व सतत बांधले जात असते. तारुण्यात हा जमाखर्च जुळतो. ऋतुनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरते, मोडणीचा वेग बांधणीच्या पुढे जातो आणि पहिली काही वर्षे हाडे विशेष झपाट्याने विरळ होतात. मनगट, पाठीचे मणके आणि खुबा येथील अस्थिभंग हे त्याचे पुढचे फळ. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेला पुन्हा पूर्वीसारखे चालता येईलच, असे नाही.

या जमाखर्चात मूत्रपिंडाचा वाटा मोठा आहे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर आठ-दहा ग्रॅम कॅल्शियमही गाळले जाते आणि त्यातील जवळजवळ सर्व परत शोषले जाते. लघवीत उतरते ते केवळ १०० ते २५० मिलिग्रॅम. यात रोज ५० मिलिग्रॅमची भर पडली आणि आतड्याने ती भरून काढली नाही, तर वर्षाला १८ ग्रॅम, म्हणजे एकूण साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास तूट येते. ऋतुनिवृत्त स्त्रीला हे परवडणारे नव्हे.

फ्युरोसेमाइडसारखी जोरकस औषधे मूत्रनलिकेच्या ‘हेन्लेचा पाश’ या भागावर काम करतात. तेथे मिठाचे शोषण थांबले की ज्या विद्युत्-भाराच्या ओढीने कॅल्शियम परत येते, तो भारच नाहीसा होतो आणि कॅल्शियम वाहून जाते. थायझाइड कुळातील औषधे (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन) नलिकेच्या पुढच्या टप्प्यावर काम करतात. त्यांच्यामुळे शरीरातील मीठपाणी थोडे कमी होते, नलिकेचा आरंभीचा भाग सोडियम अधिक हावरेपणाने ओढू लागतो आणि त्याच्या जोडीने कॅल्शियमही परत येते. पहिले थायझाइड १९५८ मध्ये वापरात आले व दुसऱ्याच वर्षी लघवीतील कॅल्शियम घटत असल्याची नोंद झाली. मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून ही औषधे आजही दिली जातात, ती याच गुणामुळे.

मग थायझाइडने हाडे वाचतात काय? न्यूझीलंडमध्ये निरोगी ऋतुनिवृत्त स्त्रियांना दोन वर्षे हायड्रोक्लोरोथायझाइड देऊन केलेल्या, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडांची झीज मंदावली. पण लाभ अल्प होता. याउलट डेन्मार्कमध्ये ८७ ऋतुनिवृत्त स्त्रियांवर पाशावर काम करणाऱ्या ब्युमेटॅनाइड या औषधाची चाचणी झाली (२००६). वर्षभरात खुब्याच्या हाडाची घनता सुमारे दोन टक्क्यांनी उतरली. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या पाहणीत (२००३) वर्षाहून अधिक काळ थायझाइड घेणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग कमी आढळले. मात्र गोळी थांबवल्यावर चारेक महिन्यांत हे संरक्षणही संपले. सर्व पुरावा एकाच दिशेने जातो असे नाही: अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत थायझाइड घेणाऱ्या स्त्रियांत मणक्यांचे अस्थिभंग उलट अधिक दिसले (२०१६). म्हणून थायझाइडला हाडांचे औषध समजणे चुकीचे होईल. रक्तदाबासाठी ते घ्यावयाचेच असेल, तर हाडांचा थोडा फायदा पदरात पडण्याचा संभव आहे, इतकेच.

शिवाय हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे. गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत उठताना घेरी येणे, रात्री लघवीसाठी अंधारात धडपडणे, रक्तातील सोडियम उतरल्याने तोल जाणे या गोष्टी कॅल्शियमच्या हिशेबाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. उत्तर भारतातील कडक उन्हाळ्यात किंवा जुलाब झाले असता हा धोका वाढतो. शक्यतो गोळी सकाळी घ्यावी, असे सांगतात ते यासाठी.

आणखी एक सावधगिरी. थायझाइड चालू असताना स्वतःच्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्यास रक्तातील कॅल्शियम मर्यादेबाहेर चढू शकते. मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. नाचणी, दूध, तीळ हे खाद्यपदार्थ नेहमीच्या प्रमाणात घेण्यास सहसा हरकत नसते. मिठाकडे मात्र लक्ष हवे: दर सहा ग्रॅम मिठामागे अदमासे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीतून जाते, आणि लोणचे-पापडांची चटक रक्तदाब व हाडे या दोहोंच्याही मुळावर येते.

हाडांच्या भीतीने फ्युरोसेमाइड परस्पर बंद करणे हा त्याहूनही मोठा धोका आहे; दुबळ्या हृदयाच्या रुग्णाच्या फुफ्फुसांत काही दिवसांतच पाणी साठू शकते. आपल्याला कोणत्या कुळातील गोळी मिळते, हे पाकिटावरील औषधाचे मूळ नाव वाचून कळते. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांतही थायझाइड असते व त्यांच्या नावामागे पुष्कळदा ‘एच’ हे अक्षर जोडलेले असते. ते पाकीट डॉक्टरांना दाखवून, रक्तातील सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांची तपासणी केव्हा करावयाची आणि हाडांची घनता मोजण्याची गरज आहे काय, हे विचारून घ्यावे.