पैसे बाईंच्या वेळेचे द्या, यंत्राचे नाही

अगं, ऐक. आणि तूही ऐक रे बाबा, हे फक्त बायकांचं नाही.

लग्न ठरलं, हॉल ठरला, बँडवाल्याला इसारसुद्धा देऊन झाला. आता फादरांनी विवाहपूर्व शिबिराला जायला सांगितलंय, आणि नैसर्गिक कुटुंबनियोजन नीट शिकायचं तर त्याच्या वर्गाची वेगळी फी पडते असं तुमच्या कानावर आलंय. ‘चर्चनंच सांगायचं आणि चर्चच्याच माणसांनी पैसे घ्यायचे, हे कसं काय?’ हा तुझा प्रश्न. माझी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, म्हणून दोन शब्द सांगते. पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे शिबिर वेगळं आणि वर्ग वेगळा. शिबिरात संस्काराचा अर्थ असतो, सासर-माहेर असतं, घरखर्च असतो, आणि त्यातला एखादा तास या विषयाला मिळतो. सभागृहात सगळी जोडपी मान खाली घालून बसलेली असतात, कोणी प्रश्न विचारत नाही, चहा येतो आणि विषय संपतो. त्यातून चर्च काय म्हणतं ते कळतं. पोप सहावे पौल यांनी २५ जुलै १९६८ ला ‘हुमाने विते’ हे परिपत्रक काढलं. दोन मुलांत अंतर ठेवायला सबळ कारण असेल तर स्त्रीला गर्भ राहू शकत नाही त्या दिवसांचा आधार घ्यायला त्यात मोकळीक दिलेली आहे. हे शिबिरात समजेल. पण तुझ्या अंगातले ते दिवस कोणते, हे शिबिर सांगू शकत नाही. ते तुझी वही सांगते, आणि वही वाचायला शिकवणारी बाई लागते. फी लागते ती तिच्या वेळेची.

अक्कलकोटात अशा वर्गाची पाटी शोधत फिरू नका. आपल्यासारखी कॅथलिक घरं इथं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपला सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो, तेव्हा आधी सोलापूरच्या फादरांना गाठा आणि धर्मप्रांताच्या कुटुंबविषयक कामात ही पद्धत शिकवणारं कोण आहे ते विचारा. पुण्याला जावं लागलं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. तुझं माहेर कानडी आहे, तुला कानडीतून सोपं जात असेल तर कलबुर्गीकडे चौकशी करायला काहीच हरकत नाही, तिकडे २००५ पासून वेगळा धर्मप्रांत आहे. भाषेचं मी मुद्दाम सांगते. अंगावरून काय जातं, कसं जातं, हे परक्या भाषेत सांगताना बाई अर्धं गिळते, आणि शिकवणारीला नेमकं तेच अर्धं हवं असतं. मुंबईच्या नावाजलेल्या इंग्रजी वर्गापेक्षा मराठीत बोलणारी साधी सिस्टर तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

आता शिकायचं तरी काय, ते थोडक्यात. बीजकोशातून सुटलेलं बीज बारा ते चोवीस तास जगतं. पुरुषाचं बीज मात्र अनुकूल स्राव असला तर पाच दिवसांपर्यंत टिकतं. म्हणजे महिन्यातले सहाएक दिवस काय ते महत्त्वाचे. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. त्यावरून लोक कॅलेंडरवर दिवस मोजू लागले आणि फसले, कारण पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक? मेलबर्नच्या डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून, आणि पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनी, तारखा बाजूला ठेवून अंगावरच्या स्रावाकडे लक्ष दिलं. ओलं आणि कोरडं, एवढीच त्यांची बाराखडी.

वही अशी ठेवायची. दुकानातली साधी शंभर पानी घे. पाळीच्या पहिल्या दिवसाला ‘१’ आकडा घाल आणि पुढे रोज एक ओळ. रक्त असेल तर ‘र’, कोरडं असेल तर ‘को’, ओलं असेल तर ‘ओ’. समजा पाच दिवस ‘र’ झाले, मग चार दिवस ‘को’, मग ओलं सुरू झालं. आधी चिकट, दाटसर, मग कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं पातळ, ताणलं जाणारं, चालताना निसरडं जाणवणारं. या निसरड्या दिवसांतला जो शेवटचा, त्याच्याभोवती गोल काढायचा. तो शिखराचा दिवस. गंमत अशी की गोल त्या दिवशी काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी निसरडेपणा गेला की मग कळतं, काल शेवटचा होता. तिथून तीन दिवस थांबायचं, आणि चौथ्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंत मोकळं. पाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत रात्री, आणि एक दिवसाआड, कारण आदल्या रात्रीच्या ओलाव्यानं दुसऱ्या दिवशीची खूण चुकते. ओलं दिसलं की थांबायचं. मुख्य नियम एवढेच, पण पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळीला शंका येते. ‘हे चिकट की निसरडं?’ ‘मध्ये एक दिवस कोरडा गेला, आता?’ या शंकांची उत्तरं जी बाई देते, तिला पैसे द्यायचे.

लिहायचं काम मात्र तुझं रे. रात्रीची जेवणं झाली की ती सांगेल, तू लिही. चादरीच्या कारखान्यात रात्रपाळी असली तर सकाळी लिही. थांबायचं तुम्हा दोघांना आहे. जिथं वही तिच्या एकटीच्या डोक्यावर पडते तिथं थांबण्याचा दोषही तिच्याच डोक्यावर येतो, आणि वॉर्डात नको असताना दिवस गेलेल्या ज्या बायका मी पाहिल्या, त्यांतल्या कितीतरी जणींना पद्धत माहीत होती, नवऱ्याला माहीत नव्हती.

फी देण्याआधी विचारायचं ते विचारा, लाजू नका. बाईंनी स्वतः शिक्षण कुठं घेतलं? बिलिंग्ज शिकवतात की स्राव आणि तापमान दोन्ही बघण्याची जोडपद्धत? एका फीमध्ये किती वेळा वही बघतील? फोनवर बघतील का? मी तर म्हणेन, किमान तीन पाळ्यांच्या वह्या बघणार असतील तरच त्याला वर्ग म्हणा. एका दिवसाचं भाषण, जाडजूड पुस्तक आणि प्रमाणपत्र एवढंच हाती देणार असतील, तर ते पैसे प्रवासाला ठेवा. नवरा आला नाही तरी चालेल असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

बहुतेक ठिकाणी शिकवणाऱ्या सिस्टर किंवा जोडपी मागतात ते थोडंच मागतात, किंवा मागतच नाहीत. मागितलं नाही म्हणून पाकीट खिशात ठेवून परत येऊ नका. जाण्यायेण्याचं भाडं आणि वरती आपल्या ऐपतीप्रमाणे काही द्या. सिस्टर हातात घेत नसतील तर त्यांच्या नावानं चर्चच्या पेटीत टाका. आणि एक करता येईल. सोलापूरच्या आपल्या धर्मग्रामातली चार-पाच नवी जोडपी मिळून पुण्याच्या बाईंना सोलापूरलाच बोलवा. भाडं आणि जेवण वाटून घेतलं की प्रत्येकाला हलकं पडतं, आणि गावची माणसं असल्यानं पुढे एकमेकांना विचारताही येतं.

खर्च नको तो यंत्रांवर. औषधाच्या दुकानात बीज सुटण्याची तपासणी करणारी पट्टी मिळते. दर महिन्याला घेत बसलात तर वर्गाच्या फीपेक्षा जास्त पैसे जातात. तापमानाची पद्धत शिकणार असाल तरच थर्मामीटर घ्या, तोही दोन दशांश दाखवणारा, कारण बीज सुटल्यावर तापमान वाढतं ते कधीकधी जेमतेम ०.२ अंश सेल्सिअसनं. पण ते रोज सकाळी उठण्याआधी, एकाच वेळी घ्यावं लागतं. रात्रपाळी, ताप, अपुरी झोप यांनी आकडा हलतो. वैशाखात निम्मं अक्कलकोट गच्चीवर झोपतं, डास आणि उकाड्यानं डोळ्याला डोळा लागत नाही, त्या सकाळच्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही. मोबाइलवरची ॲपं बहुतेक मागच्या तारखांवरून अंदाज बांधतात, म्हणजे फसलेलं कॅलेंडरच पुन्हा खिशात. तारखा हव्यात तर भिंतीवर कालनिर्णय आहे. आपल्या आया-आत्या पाळीच्या तारखेला त्याच्यावरच बारीक ठिपका देत आल्या.

वस्तू हाती दिली म्हणजे माणूस शिकतो, हा समज जुना आहे. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या. त्यासाठीची साधनं गांधीजींनी मान्य केली नाहीत. सुरक्षित दिवसांची गोष्ट त्यांना त्यातल्या त्यात कमी खटकली. पुढे गांधीजींच्याच सहवासातल्या राजकुमारी अमृत कौर देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन आले आणि म्हैसूरकडच्या रामनगरम् इथं बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा, रंगावरून दिवस ओळखायचा. त्यातून फारसं हाती लागलं नाही, आणि सरकार दुसऱ्या साधनांकडे वळलं. तेव्हा शेजारच्या काकू ‘हे तुमच्या चर्चचंच खूळ’ म्हणाल्या तर त्यांना वर्ध्याची गोष्ट सांगा. आता बत्तीस मण्यांची सुधारलेली माळ आहे, आपल्याकडे ती ‘मालाचक्र’ नावानं आली. जिची पाळी २६ ते ३२ दिवसांत येते तिनं आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत थांबायचं. माळ वाईट नाही. पण ज्यांची पाळी पुढेमागे होते त्यांच्या ती कामाची नाही, आणि आजकाल पाळी पुढेमागे करणारा पीसीओडी घरोघरी आहे.

आकडे लपवून शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं बिलिंग्ज पद्धत पाच देशांत तपासली, त्यात आपलं बेंगळुरूही होतं. नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांना पहिल्याच महिन्यात स्रावाची खूण ओळखता आली, शिक्षण असो वा नसो. नियम तंतोतंत पाळले तेव्हा वर्षाला शंभरात तीनेक जणींना दिवस गेले. प्रत्यक्षात, चुकतमाकत, शंभरात वीसहून अधिक. शरीर ओळखणं सोपं आहे, थांबणं अवघड आहे, असा त्याचा सरळ अर्थ. तापमान आणि स्राव दोन्ही जोडून चांगलं शिकवलेल्या जर्मन जोडप्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला, त्यात प्रत्यक्ष वापरातही हे प्रमाण शंभरात दोनच्या आत होतं. फरक शिकवण्याचा आणि दोघांच्या मनाचा. ‘शंभर टक्के खात्री’ असं कोणी म्हणालं तर फी परत मागा.

ज्या बाईला पुन्हा दिवस जाणं जिवावर बेतू शकतं, हृदयाचा विकार आहे, मागचं बाळंतपण कठीण गेलंय, तिनं माझ्यासारखीच्या कानमंत्रावर राहू नये. आधी डॉक्टर, मग फादर, आणि दोघांशी उघड बोलायचं. खाज, वास किंवा दह्यासारखं पांढरं जात असेल तर तो आजार आहे. औषध घेऊन बरं झाल्याशिवाय वहीतल्या खुणांना अर्थ नाही.

बाळ झाल्यावरचंही आत्ताच ऐकून ठेवा. अंगावर पाजतेय तोवर दिवस जात नाहीत, असं आजी सांगायची. ते खरं, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त अंगावरच पीत असावं, आणि पाळी आलेली नसावी. तिन्ही असतील तर शंभरात दोघींनाच दिवस जातात. वरचं दूध सुरू झालं, बाळ सहा महिन्यांचं झालं किंवा पाळी आली, की त्याच दिवशी बाईंना फोन करा. त्या फेरीचे पैसे मागितले तर खुशीनं द्या, बाळंतपणानंतरची वही वाचायला सगळ्यात कठीण.

आणि मूल हवंसं वाटेल तेव्हा वही फेकू नका. तेच ओले दिवस मग हवे असतात. अक्कलकोटात स्वामी समर्थांच्या वडाखाली मुलासाठी नवस बोलणारी किती जोडपी येतात ते आपण रोज बघतो. त्यांतल्या कितीजणींना महिन्यातले हे सहा दिवस कोणी सांगितले असतील कोण जाणे. मदर तेरेसांनी १९७९ मध्ये नोबेल स्वीकारताना भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या सिस्टर कलकत्त्याच्या झोपडपट्टीतल्या लोकांना, भिकाऱ्यांनासुद्धा हे शिकवतात. त्यांना जमलं, तर तुम्हाला न जमायला काय झालं?

आता कामाचं. शिकवणाऱ्या बहुतेक बाया पहिले दोन ते चार आठवडे नुसतं बघायला आणि लिहायला सांगतात, त्या काळात जवळ यायचं नसतं. लग्नानंतर शिकायला गेलात तर ही अट जिवावर येते. तुमच्या लग्नाला अजून तीन महिने आहेत. येत्या रविवारी मिस्सा झाली की सोलापूरच्या फादरांना भेटा, आणि वही मात्र आजच घे.