चाकांचें यंत्र कीं पट्ट्यांचें?

पांढरकवड्याच्या आसपास दोन वस्तु विपुल आहेत : रानांत साग आणि शेतांत काळी माती. सागाचें झाड पाडणें त्यामानानें सोपें. ओंडका सडकेपर्यंत ओढून आणणें हें खरें कष्टाचें काम. बैलांचें हें काम यंत्राकडे द्यावयाचें, तर तें चाकांचें असावें कीं पट्ट्यांचें? (टिपेश्वरच्या अभयारण्यास हा प्रश्न लागू नाहीं, हें उघडच आहे.)

दोन्ही प्रकार मुलांच्या पाहण्यांतले आहेत. जेसीबी चाकांवर धांवतो, पोकलेन लोखंडी पट्ट्यांवर सरकतो. आतां थोडें गणित करूं. यंत्राचें वजन ८,००० किलो माना. चार चाकांपैकीं प्रत्येकाचा १,००० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीस टेकला, तर दर चौरस सेंटिमीटरवर २ किलो भार पडतो. तेंच यंत्र २५० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्यांवर उभें केलें, कीं भार केवळ ०.३२ किलो होतो. म्हणजे षष्ठांशाहूनहि कमी! कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें जड वाफेचीं यंत्रें मऊ जमिनींत रुतत, म्हणून बेंजामिन होल्ट यांनीं १९०४ सालीं मागचीं चाकें काढून पट्टे बसविले, तें याच कारणानें.

मग पट्टेच श्रेष्ठ कां म्हणूं नयेत? वळतांना एक पट्टा थांबतो व दुसरा रेटतो. त्या घसटीनें वरची माती सोलून निघते व कोवळीं रोपें चिरडतात. शिवाय गति मंद, आणि डांबरी सडकेवर नेण्यास ट्रेलर हवा. चाकांचें यंत्र मात्र आपल्या पायांनींच येतें जातें.

निर्णय शेवटीं मातीकडे जातो. काळी माती भिजली कीं फुगते, चिकटते. श्रावणांत रुतलेली बैलगाडी ज्यांनीं खांदा लावून काढली, त्या पालकांस हें सांगणें नको. अशा वेळीं पट्टेहि जमीन दाबतातच. दबलेल्या मातींत मुळांस हवा मिळत नाहीं, आणि तोडलेल्या सागाच्या खुंटास फुटणारे धुमारे, म्हणजे पुढच्या पिढीचें रान, खुरटतें. म्हणून आमच्या मतें येथें कोरड्या ऋतूंत चाकांचें यंत्र पुरें; मात्र तें एकाच ठरीव वाटेनें फिरावें व ओंडके लोखंडी दोरानें वाटेपर्यंत ओढून घ्यावेत. तीव्र चढ असेल तेथें पकडीसाठीं पट्टे घ्यावेत. रोपें दाट असतील तेथें बैलजोडीच बरी.