कलमाच्या चाकूसाठी घरीच बनवा चामड्याची फळी

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरपासून पुढे सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिका दिसतात. गुलाबाचे डोळे भरणे, आंबा-सीताफळाची कलमे बांधणे ही कामे या पट्ट्यातील शेतकरी बंधूंना नवीन नाहीत. कलम दगावले की आपण काडीला, उन्हाला किंवा पाण्याला दोष देतो. हातातल्या चाकूकडे मात्र क्वचितच पाहिले जाते.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ, ओलसर थर असतो. खुंटाचा आणि डोळकाडीचा हा थर एकमेकांना भिडला तरच कलम जुळते. बोथट चाकू कापण्याऐवजी चेंगरतो. कापाच्या कडेच्या पेशी मरतात, काप सपाट येत नाही व बांधल्यावर आत पोकळी राहते. त्याच जागी चाकू तीन-तीनदा चालवावा लागतो, तेवढ्यात काप वाळतो. द्राक्षाचे पाचर कलम डॉगरीज खुंटावर करताना तर पाचरीच्या दोन्ही बाजू एकेका कापात याव्या लागतात.

"आम्ही दगडावर धार लावतो की," असे आपण म्हणाल. दगडावर घासल्यावर पात्याच्या कडेला लोखंडाची केसासारखी बारीक कोर उभी राहते. पात्याच्या सपाट बाजूवरून कडेच्या बाहेर हलकेच नख ओढले की ती अडकते. अशा चाकूने पहिले काही काप चांगले येतात, मग कोर वळते व चाकू अडू लागतो. ही कोर काढून कड गुळगुळीत करणे हे चामड्याचे काम. पूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत ते याचसाठी. तसा टांगता पट्टा मात्र आपल्या उपयोगाचा नाही. तो मध्ये झोल खातो व चाकूची कड गोल होते. चामडे फळीवरच चिकटवावे.

साहित्य व कृती

सुमारे ३० सें.मी. लांब, ६ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड अशी वाळलेली, न वाकलेली सागवानी किंवा प्लायवूडची फळी घ्यावी. एका टोकाला १० सें.मी. जागा मुठीसाठी मोकळी सोडावी. चामडे २ ते ३ मि.मी. जाड, घट्ट असावे. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कोल्हापुरी चपलेचे चामडे यासाठी उत्तम. चपला करणाऱ्या कारागिराकडे त्याचे तुकडे मिळू शकतात. पिशव्यांचे मऊ, दबणारे चामडे घेऊ नये. जुना कमरपट्टाही चालतो, पण त्याची कापलेली कड आधी पाहावी. आत तंतू दिसले तर चामडे, गुळगुळीत थर दिसला तर रेक्झीन.

फळी पॉलिश कागदाने घासून लाकडाचा पांढरा गोंद पातळ, सारखा पसरावा. चामड्याची खरखरीत बाजू वर ठेवून ते चिकटवावे व सपाट वजनाखाली एक दिवस ठेवावे. नंतर धातूला चकाकी देण्याची हिरवी वडी त्यावर खडूसारखी घासावी. ही वडी क्रोमियम ऑक्साइडची असते. वडी धरत नसेल तर शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब चोळावेत, जास्त नको. विटेची भुकटी किंवा वाळू वापरू नये, कडेला ओरखडे पडतात.

चाकू नेहमी पाठीच्या दिशेने ओढावा, धार मागे राहिली पाहिजे. धार पुढे करून ढकलल्यास चामडे कापले जाते. डोळे भरण्याच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूने उतार असतो. त्याची उताराची बाजू पूर्ण टेकवून दहा-बारा वेळा ओढावी, सपाट बाजू अगदी आडवी ठेवून तीन-चार वेळा. सपाट बाजू उचलण्याची सवय लागली की चाकू कायमचा बिघडतो. दोन्ही बाजूंनी उतार असलेले १५ मि.मी. रुंदीचे पाते पाठीकडून सुमारे ४ मि.मी. उचलले की १५ अंशांचा कोन मिळतो. दाब चाकूच्या वजनाइतकाच द्यावा. पाते उजेडाकडे धरल्यावर कडेवर पांढरी रेघ चमकली तर तेथे धार नाही, पुन्हा दगडाकडे जावे. गुलाबाच्या फांदीवर एक तिरका काप घेऊन पाहावा. तो ओलसर चकाकला व तंतू निघाले नाहीत, तर चाकू तयार आहे.

काम चालू असताना तीस-चाळीस कलमांनंतर चाकू पाच-सहा वेळा ओढला तरी पुरते. दगडाची गरज मग फार दिवसांनी पडते. खुरपे व उसाचा कोयता यांना मात्र हा खटाटोप नको, कानस किंवा दगड पुरे.

एक काळजी घ्यावी. चीक लागलेले पाते फळीवर ओढू नये. आधी ते स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. फळीवरून चाकू काढल्यावर त्याचे निर्जंतुकीकरण करावे, त्याआधी नव्हे. मोसंबी-संत्र्यातील एक्सोकॉर्टिस रोग चाकूमार्गे पसरतो व त्यावर स्पिरिट पुरत नाही. तेथे सोडियम हायपोक्लोराइटचे १ टक्का द्रावण वापरावे. डाळिंबाच्या तेल्या रोगातही कात्रीसाठी हेच द्रावण वापरतात. त्याने लोखंड गंजते, म्हणून पाते लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून दिवसअखेर तेलाचा हात फिरवावा. फळी कापडात गुंडाळून कोरड्या जागी, उंदरांच्या तोंडी येणार नाही अशी ठेवावी.