गुप्तलेखन आणि त्याची किल्ली

(इयत्ता ६ वी व ७ वी)

पाठाचा हेतू : साधे लेखन गुप्त कसे करतात, ते कोणास उलगडते व आजच्या व्यवहारात माहितीचे रक्षण कशाने होते, हे विद्यार्थ्यांस उदाहरणांनी समजावून देणे.

पूर्वतयारी : शिक्षकांनी फळ्यावर 'क' पासून 'ळ' पर्यंतची ३४ व्यंजने क्रमाने लिहून ठेवावीत.

विषयप्रवेश : फळ्यावर 'पायफूल' हा शब्द लिहावा आणि हे बागलाण तालुक्यातील कोणते गाव, असे विचारावे. मुले प्रथम गोंधळतील. मग प्रत्येक व्यंजनाच्या जागी त्याच्या अलीकडचे व्यंजन घेण्यास सांगावे; काना-मात्रा तशाच ठेवाव्यात. 'प'चा 'न', 'य'चा 'म', 'फ'चा 'प' व 'ल'चा 'र' होताच 'नामपूर' हे नाव प्रकट होते.

विवेचन : येथे अक्षरे सरकविणे ही रीत होय आणि 'एक घर' ही किल्ली होय. रीत ठाऊक असलेल्या परक्या मनुष्यास किल्ली ठाऊक नसली, तरी फार तर ३३ प्रयत्नांत तो शब्द उलगडतो. म्हणून हे कुलूप कच्चे आहे. अक्षरे केवळ न सरकविता प्रत्येक अक्षराबद्दल मनास येईल ते दुसरे अक्षर ठरविले, तर प्रयत्नांची संख्या अफाट वाढते.

अशा लेखनाचे थोर उदाहरण मराठीतच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांपैकी 'सकळ लिपी' विशेष प्रसिद्ध असून ती रवळोबास यांनी रचिली, असे मानतात. किल्ली पंथीयांपाशीच राहिल्यामुळे जुन्या मराठी गद्याचा मोठा ठेवा कित्येक शतके इतरांस वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल प्रसिद्ध केली. एकदा किल्ली हाती येताच एक पोथी नव्हे, तर त्या लिपीतील सर्व पोथ्या वाचनीय झाल्या. रक्षण होते ते किल्लीमुळे, हे यावरून मुलांच्या ध्यानी येईल.

किल्ली नसतानाही असे लेखन फोडता येते. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. ती मोजून मूळ अक्षर ताडण्याची युक्ती अल-किंदी या विद्वानाने नवव्या शतकातच लिहून ठेविली.

आजची गुप्तलेखने गणितावर उभी आहेत. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी दोन किल्ल्यांची रीत शोधिली. एका किल्लीने कोणीही मजकूर बंद करावा. तो उघडणारी दुसरी किल्ली मात्र एकाच्याच खिशात असावी. ५३ व ६१ यांचा गुणाकार ३२३३ हा मुले सहज करतील. पण केवळ ३२३३ देऊन ते दोन अवयव शोधावयास सांगितल्यास वेळ लागेल. प्रत्यक्षात अशी संख्या ६०० हून अधिक अंकांची असते व तिचे अवयव शोधणे व्यवहारात अशक्य ठरते.

व्यवहारातील उपयोग : कांदा विकून आलेली रक्कम आता बहुधा बँकेत जमा होते व मोबाईलवरून खर्च होते. तो संदेश वाटेत कोणास वाचता येत नाही. म्हणून लबाड मनुष्य कुलूप फोडीत बसत नाही. तो 'बँकेतून बोलतो' असे सांगून पिन किंवा ओटीपी मागतो. ही त्या व्यवहाराची किल्लीच होय. मोबाईलवर पैसे घेण्यास पिन लागत नाही, देण्यासच लागतो, ही गोष्ट प्रत्येक मुलाने घरी सांगावी. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

स्वाध्याय :
१. 'योहय' हे नामपूरच्या कोणत्या नदीचे नाव?
२. आपल्या गावाचे नाव दोन घरे पुढे सरकवून लिहा.
३. पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर सर्वांत अधिक वेळा येणारे व्यंजन मोजून काढा.
४. कुलूप मजबूत असूनही चोरी कशी होते, ते पाच ओळींत लिहा.